टेक्सासमध्ये शेजारी कस्टम घरांची सबडिव्हिजन येतेय? डिझाइनचे नियम कुठे ठरतात आणि आपण नेमकं कधी बोलायचं

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला कॉलिन काउंटीत राहतो आणि इकडे शेतं इतक्या झपाट्याने संपतायत की दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतलं कुणीतरी फोन करून विचारतंच, अगं आमच्या मागच्या शेतावर पाटी लागलीय, आता काय करायचं? आणि दुसरे फोन येतात ते उलट्या बाजूने, म्हणजे त्याच शेतावर होणाऱ्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत, अर्धा-पाऊण एकराचा प्लॉट घेऊन मनासारखं घर बांधायचंय, आर्किटेक्ट ठरलाय, आणि आता कुणीतरी दीडशे पानांचं डिझाइन गाइडलाइन्सचं पुस्तक हातात दिलंय. दोघांसाठी मिळून एकदाच सविस्तर लिहितेय. हे सगळं टेक्सासचं आहे, कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत कायदे वेगळे आहेत, त्यामुळे तिकडच्यांनी यातले आकडे जसेच्या तसे उचलू नका.

सगळ्यात आधी आमची चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये म्हणूनच हे लिहायला बसलेय. आमच्या मागच्या जमिनीवर सबडिव्हिजन येणार हे कळल्यावर आम्ही पाच-सहा घरं एकत्र आलो, दोन रविवार बसून मुद्दे काढले, घरांची उंची, आमच्या कुंपणाच्या बाजूची झाडं, पाण्याचा उतार, दिव्यांचा प्रकाश, सगळं छान टाइप केलं आणि शहराच्या मीटिंगला गेलो. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आज समोर आलाय तो प्लॅट, म्हणजे जमिनीचे तुकडे पाडायचा नकाशा आहे, तो नियमात बसत असेल तर आम्हाला मंजूर करावाच लागतो, तुम्ही म्हणताय ते सगळं आठ महिन्यांपूर्वी झोनिंगच्या वेळी ठरलंय. आठ महिन्यांपूर्वी! तेव्हा आम्ही त्याच घरात राहत होतो आणि रोज त्या पाटीसमोरून गाडी नेत होतो. त्या रात्री घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही.

म्हणजे सगळा प्रश्न वेळेचा आहे. घरं कशी दिसावीत, किती मोठी असावीत, कुंपण कसलं, झाडं कोणती, हे नियम ठरण्याचा एक ठराविक टप्पा असतो, तिथे सुनावणीत बोलायला मिळणाऱ्या तुमच्या तीन मिनिटांना खूप वजन असतं, आणि तो टप्पा गेला की तीच तीन मिनिटं कितीही चांगली बोललात तरी कायद्याने कुणी काही करू शकत नाही.

आधी बघा जमीन शहराच्या हद्दीत आहे का

हे दहा मिनिटांचं काम आहे पण लोक करत नाहीत. शहराच्या वेबसाइटवर झोनिंग मॅप असतो, त्यात तो तुकडा शोधा. टेक्सासमध्ये काउंटीला झोनिंगचा अधिकार जवळपास नाहीच, म्हणजे जमीन शहराबाहेर असेल तर घरांच्या रूपाबद्दल सुनावणी वगैरे काही होत नाही, फक्त प्लॅट, रस्ते, पाणी, सेप्टिक इतकंच बघतात. शहराच्या हद्दीला लागून एक पट्टा असतो त्याला ईटीजे म्हणतात, तिथे शहराचा थोडाफार हात चालतो, पण २०२३ च्या कायद्यानंतर जमीनमालकाला त्यातून बाहेर पडायचा मार्ग मिळालाय. आणि ह्यूस्टनवाल्यांनो, तुमच्याकडे झोनिंगच नाही, तुमचं सगळं डीड रिस्ट्रिक्शन्सवर, म्हणजे जमिनीच्या कागदांत नोंदलेल्या अटींवर चालतं, तेव्हा तुम्ही खाली जिथे प्लॉट घेणाऱ्यांसाठी कॉव्हेनंट्सचं लिहिलंय तिथे सरळ उडी मारा.

पाटी दिसली की त्याच दिवशी केस नंबर घ्या

झोनिंग बदलायचं असेल तर शहराला २०० फुटांच्या आतल्या जमीनमालकांना पत्र पाठवावं लागतं, ते प्लॅनिंग अँड झोनिंग कमिशनच्या सुनावणीच्या किमान १० दिवस आधी, आणि सिटी कौन्सिलच्या सुनावणीची जाहिरात किमान १५ दिवस आधी. आता इथे दोन खाचाखोचा आहेत ज्या नवीन लोकांना हमखास अडकवतात. एक म्हणजे पत्र जातं ते टॅक्स रोलवर ज्याचं नाव आहे त्याला, म्हणजे तुम्ही घर नुकतंच घेतलं असेल तर पत्र आधीच्या मालकाच्या नावाने निघतं, आणि भाड्याने राहत असाल तर तुम्हाला येतच नाही. दुसरं म्हणजे २०० फूट म्हणजे फार नाही हो, तीन-चार घरांपलीकडे कुणाला पत्र जात नाही, तेव्हा ज्याला पत्र मिळालंय त्याने फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, एवढं तरी कराच.

पाटीवर किंवा पत्रावर केस नंबर असतो. तो घेऊन शहराच्या प्लॅनिंग डिपार्टमेंटला फोन करा आणि विचारा की या केसचा प्लॅनर कोण आहे. प्रत्येक केसला एक प्लॅनर नेमलेला असतो, माझ्या अनुभवात ही माणसं खूप नीट बोलतात, सगळं समजावून सांगतात, त्यांना त्यांच्या रिपोर्टमध्ये शेजाऱ्यांचं म्हणणं लिहायचंच असतं. त्यांना पहिला प्रश्न हा विचारा: हे झोनिंग आहे की प्लॅट?

हा फरक नीट समजून घ्या. झोनिंग म्हणजे या जमिनीवर काय आणि कसं बांधता येईल ते ठरवणं, हा कौन्सिलचा धोरणाचा निर्णय असतो, ते हो म्हणू शकतात, नाही म्हणू शकतात, अटी घालू शकतात. प्लॅट म्हणजे ठरलेल्या नियमांप्रमाणे जमिनीचे तुकडे, रस्ते, इझमेंट (पाणी, वायरी वगैरेंसाठी राखून ठेवलेले पट्टे) कागदावर आखणं, आपल्याकडच्या लेआउटसारखं. प्लॅट नियमात बसत असेल तर नाकारता येत नाही, आणि २०१९ पासून तर अर्ज आल्यावर ३० दिवसांत मंजूर, अटींसह मंजूर किंवा नामंजूर असं काहीतरी ठरवावंच लागतं, नामंजूर केला तर कुठला नियम मोडला ते लेखी द्यावं लागतं. २०२३ च्या बदलानंतर शहर हे काम आपल्या अधिकाऱ्यांकडेच सोपवू शकतं, म्हणजे मीटिंगसुद्धा होईलच असं नाही. शिवाय एकदा पहिला अर्ज पडला की त्या दिवशी जे नियम होते तेच त्या प्रोजेक्टला लागू राहतात, नंतर शहराने नियम कडक केले तरी साधारणपणे उपयोग नसतो.

पीडी म्हणजे काय आणि त्यात काय वाचायचं

कस्टम घरांची सबडिव्हिजन बहुतेक वेळा पीडी, म्हणजे प्लॅन्ड डेव्हलपमेंट, या नावाने येते. शहराचं नेहमीचं झोनिंग बाजूला ठेवून त्या एका जमिनीपुरते खास नियम लिहिले जातात आणि ते ऑर्डिनन्सला, म्हणजे शहराच्या कायद्याला जोडले जातात. डिझाइन स्टँडर्ड्स म्हणतात ते हेच. मीटिंगच्या पॅकेटमध्ये, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्यात, एक्झिबिट (जोडपत्र) म्हणून असतं, एकात जमिनीचं वर्णन, एकात कॉन्सेप्ट प्लॅन, एकात नियम. मीटिंगची नोटीस आता तीन कामाचे दिवस आधी लागते, पॅकेटही त्याच सुमारास येतं, म्हणजे वाचायला वेळ फार कमी मिळतो, म्हणून प्लॅनरकडे आधीच ड्राफ्ट मागून ठेवा. दिला नाही तर पब्लिक इन्फर्मेशन ॲक्टखाली लेखी मागता येतो, पण मला तरी साध्या ईमेलवर मिळाला.

वाचताना हातात हायलायटर घ्या आणि दोन शब्द वेगवेगळ्या रंगात रंगवा, 'शॅल' आणि 'शुड'. शॅल म्हणजे करावंच लागेल, शुड म्हणजे केलं तर बरं. सगळं सुंदर वर्णन, ते नैसर्गिक दगड आणि प्रेअरीचं गवत आणि ग्रामीण बाज, शुडमध्ये असेल तर ते कुणावर बंधनकारक नाही. दुसरं, कॉन्सेप्ट प्लॅनवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा फक्त कल्पना देण्यासाठी आहे, तेव्हा चित्रात तुमच्या कुंपणालगत झाडांची रांग दिसत असेल तर तीच रांग नियमांच्या मजकुरातही आहे का बघा, किती फुटांवर झाड, लावताना खोडाची जाडी किती, मेलं तर परत कोण लावणार.

बाकी नियम साधारण सगळीकडे सारखेच असतात. प्लॉटची रुंदी, पुढून-मागून-बाजूने किती जागा सोडायची, घराचं किमान क्षेत्रफळ, उंची, गॅरेजचं तोंड रस्त्याकडे चालेल की बाजूला हवं, एकसारखं एलेव्हेशन, म्हणजे घराचं दर्शनी रूप, किती घरांनंतर परत चालेल, कुंपण लाकडी की लोखंडी, दिवे खाली झुकलेले हवेत की नाही. हे वाचलं की कळतं, त्यावर मी फार लिहीत नाही.

मी थांबणारे ते पाण्यापाशी, कारण घराच्या रूपावर दोन-दोन तास वाद घालणारे लोक पाण्याचं पान उलटतसुद्धा नाहीत.

पाणी आणि काळी माती

आमची आई परभणीची. पहिल्यांदा इकडे आली तेव्हा ऑगस्ट होता, मागच्या अंगणात गवताच्या कडेला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, ती खाली बसून बघत म्हणाली, अगं ही तर आपली काळी. आणि खरंच तीच जात आहे. डॅलसपासून सॅन अँटोनियोकडे जो ब्लॅकलँड प्रेअरीचा पट्टा जातो तिथली माती आणि मराठवाडा-विदर्भाची कापसाची काळी माती एकाच प्रकारात मोडतात, पाणी मिळालं की फुगते, सुकली की आक्रसते आणि भेगाळते. ज्यांनी गावी काळीत बांधलेल्या घराच्या भिंतींना तडे गेलेले बघितलेत त्यांना यापुढचं वेगळं सांगायला नको. इकडे तळघर नसतं, घर काँक्रीटच्या स्लॅबवर उभं असतं, आणि खालची माती एका बाजूला ओली नि दुसऱ्या बाजूला सुकी झाली की स्लॅब वाकतो, दारं अडकायला लागतात, विटांमध्ये जिन्यासारखे तडे जातात. म्हणून पाणी कुठून कुठे जाणार हा नुसता चिखलाचा प्रश्न नाही, घराच्या पायाचा आहे.

आता कस्टम सबडिव्हिजनमध्ये हे जास्त नाजूक का होतं ते बघा. मोठा बिल्डर दोनशे घरं एकदम बांधतो तेव्हा सगळ्या जमिनीचा उतार एकदाच करून घेतो. कस्टममध्ये प्रत्येक प्लॉटचा मालक वेगळा, आर्किटेक्ट वेगळा, एक आज बांधतो दुसरा चार वर्षांनी, कुणी प्लिंथ दोन फूट चढवतो, कुणी मागे स्विमिंग पूल आणि मोठा पॅटिओ करतो, आणि प्रत्येकाचं पाणी त्याच्या त्याच्या ड्रॉइंगवर बरोबर जात असतं, फक्त दोन ड्रॉइंगांच्या मध्ये काय होतं ते कुणाच्याच कागदावर नसतं. तिथेच पाणी साचतं, किंवा खालच्या अंगाच्या घरात येतं.

म्हणून ड्राफ्टमध्ये हे शोधा, नसेल तर मागा: सगळ्या सबडिव्हिजनचा एकच ग्रेडिंग प्लॅन आहे का, प्रत्येक प्लॉटला तळमजल्याची उंची ठरवून दिलीय का, पाणी सगळं पुढे रस्त्याकडे काढणार की अर्धं मागे, मागे काढणार असतील तर तिथे ड्रेनेज इझमेंट आणि नाली आहे का, आणि त्या नालीतलं गवत कोण कापणार, गाळ कोण काढणार. आणि प्लॉटच्या किती टक्के भागावर काँक्रीट-छप्पर चालेल, त्या आकड्यात पूल आणि ड्राइव्हवे धरलेत का. घराभोवती पहिल्या १० फुटांत जमीन ६ इंच उतरती हवी हा तर इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडचाच नियम आहे, पण बाजूला सोडायची जागा जर पाच-सात फूटच असेल तर दोन शेजाऱ्यांना तो उतार मिळणार कुठून, तिथे वेगळी सोय लागते, ती लिहिलीय का बघा.

टेक्सासच्या वॉटर कोडमध्ये कलम आहे की पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह वळवून किंवा अडवून दुसऱ्याचं नुकसान करता येत नाही. ते कलम आहे हे माहीत असू द्या, पण त्याच्या भरवशावर बसू नका, ते नुकसान झाल्यावर कोर्टात जाऊन भांडायचं हत्यार आहे. आधीच कागदावर आलेला उतार कोर्टापेक्षा लाख पटीने बरा.

प्लॉट घेणाऱ्यांनी सॉइल रिपोर्ट स्वतःच्या प्लॉटचा करून घ्या, शेजारच्या प्लॉटचा नको. त्यात पीव्हीआर म्हणून एक आकडा इंचात येतो, म्हणजे माती जास्तीत जास्त किती वर उचलू शकेल. त्यावरून फाउंडेशनचा इंजिनीअर ठरवतो की माती सुधारायची, पिअर म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब घालायचे की काय करायचं. दगडी एलेव्हेशनवर खर्च करण्याआधी हा खर्च करा, मी अगदी कळकळीने सांगतेय.

शहर काय मागू शकत नाही

हे नाही कळलं तर तुमची तीन मिनिटं वाया जातात. २०१९ मध्ये टेक्सासने कायदा केला, एचबी २४३९, त्यानुसार राष्ट्रीय मॉडेल कोडने मान्य केलेलं बांधकामाचं मटेरियल शहर सरसकट नाकारू शकत नाही, ऐतिहासिक भाग वगैरे काही अपवाद आहेत. त्याआधी आमच्या इकडच्या कित्येक शहरांत इतके टक्के वीट-दगड हवेच असा नियम असायचा. आता तुम्ही उभं राहून म्हणालात की सगळी घरं विटांचीच पाहिजेत तर कौन्सिल तेवढ्याने तसा हुकूम काढू शकत नाही. मग काही शहरं डेव्हलपरशी वेगळा करार करतात, आणि बहुतेक कस्टम डेव्हलपर स्वतःच आपल्या कॉव्हेनंट्समध्ये, म्हणजे प्लॉटबरोबर येणाऱ्या नोंदलेल्या अटींमध्ये, मटेरियलचे नियम घालतात, कारण त्यांना महागडे प्लॉट विकायचे असतात. तेव्हा मटेरियलबद्दल मागणी असेल तर ती डेव्हलपरकडे करा, सुनावणीच्या आधी, आणि लेखी मागा.

डेव्हलपरला भेटायला घाबरू नका. सुनावणीच्या आधी त्यांना शेजाऱ्यांचा विरोध नको असतो, त्यामुळे त्या पंधरा दिवसांत ते जितकं ऐकतात तितकं पुन्हा कधीच ऐकत नाहीत.

सुनावणीत कसं बोलायचं

आधी प्लॅनिंग अँड झोनिंग कमिशन, त्यांची फक्त शिफारस असते, मग दोन-तीन आठवड्यांनी कौन्सिल, निर्णय तिथे होतो. दोन्हीकडे जा. कमिशनला गेलो, झालं, असं समजून लोक घरी बसतात आणि कौन्सिलमध्ये फक्त डेव्हलपरचा माणूस बोलतो.

टेक्सासमध्ये अजेंड्यावरच्या विषयावर बोलू देणं शहराला बंधनकारक आहे, वेळेची मर्यादा मात्र घालता येते, बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं. आणि हे आपल्या लोकांना अजिबात माहीत नसतं: कुणाला दुभाष्या घेऊन बोलायचं असेल आणि तिथे एकाच वेळी भाषांतर होण्याची यंत्रणा नसेल तर त्या माणसाला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. आमच्या गल्लीतले एक काका, वय अठ्ठ्याहत्तर, घर त्यांच्या नावावर आहे, मराठीत बोलले आणि मुलीने इंग्रजीत सांगितलं, की गेल्या तीन पावसाळ्यांत पाणी कुठपर्यंत आलं होतं आणि कुंपणाचा कुठला खांब कलला. सगळं कमिशन लक्ष देऊन ऐकत होतं, दोघांनी तर परत प्रश्न विचारले. डोळ्यांनी बघितलेली गोष्ट सांगणाऱ्या माणसाला तिथे मान असतो, भाषा कुठलीही असो.

नाव, पत्ता सांगा. मग पहिल्याच वाक्यात तुम्हाला काय हवंय ते सांगा, कलमाच्या नंबरासकट, उदाहरणार्थ, "एक्झिबिट डी, कलम अमुक, इथे 'शुड'च्या जागी 'शॅल' करा," किंवा "मागच्या हद्दीवर १५ फुटांचं ड्रेनेज इझमेंट ही अट घालून मंजूर करा". असं बोललं की कमिशनर ते वाक्य उचलून तसंच्या तसं ठरावात घालू शकतो. "आमच्या घराच्या किमती पडतील" याने काही लिहिता येत नाही, आणि "इथे घरंच नकोत" म्हणालात तर उरलेलं कुणी ऐकतही नाही. पाच जण असाल तर पाच विषय वाटून घ्या, पाचही जणांनी ट्रॅफिकवर बोलू नका. पाण्याचे फोटो असतील तर तारखेसकट आधी प्लॅनरला ईमेल करा म्हणजे ते पॅकेटमध्ये जातात. सगळ्या कमिशनरांना एकाच ईमेलमध्ये घेऊन चर्चा सुरू करू नका, त्यांनी आपसात रिप्लाय-ऑल केलं तर ओपन मीटिंग्ज कायद्यात अडचण येते, प्लॅनरमार्फतच पाठवा.

लेखी प्रोटेस्टचंही एक आहे. २०० फुटांच्या आतल्या २० टक्के जमिनीच्या मालकांनी लेखी विरोध नोंदवला तर कौन्सिलला तीन चतुर्थांश मतं लागायची. टक्के जमिनीचे मोजतात, डोक्यांचे नाही, आणि रस्त्यांचं क्षेत्रफळही त्यात धरतात, म्हणजे एका मोठ्या प्लॉटवाल्याची सही दहा छोट्या घरांना भारी पडते. पण सप्टेंबर २०२५ पासून, ज्या बदलामुळे आधीपेक्षा जास्त घरं बांधता येणारेत तिथे शेजाऱ्यांसाठी हा आकडा ६० टक्के केलाय. शेतीच्या झोनिंगवरून घरांकडे जाणारा प्रस्ताव यातच बसेल, तेव्हा सह्या गोळा करण्यात महिना घालवण्यापेक्षा तो वेळ ड्राफ्ट वाचण्यात घालवा असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लॉट घेणार असाल तर पुढचं तुमच्यासाठी

शहराचे नियम झाले की दुसरा थर येतो, कॉव्हेनंट्स, आणि त्याखाली आर्किटेक्चरल कमिटी. शहराने मंजूर केलेला नकाशा कमिटी नाकारू शकते, कमिटीने मंजूर केलेला शहर नाकारू शकतं, दोन्हीची परवानगी लागते. कॉव्हेनंट्स काउंटी क्लर्ककडे नोंदलेले असतात, ऑनलाइन शोधता येतात. विक्रेत्याने दिलेलं चकचकीत पुस्तक वाचा, पण नोंदलेली प्रत वेगळी काढून वाचाच, आणि त्यात एक वाक्य शोधा, की डेव्हलपर हे नियम एकट्याने कधीपर्यंत बदलू शकतो.

सुरुवातीची काही वर्षं कमिटी म्हणजे डेव्हलपरच असतो. टेक्सासमध्ये २०२१ पासून ४० पेक्षा जास्त प्लॉट असलेल्या एचओएने, म्हणजे घरमालकांच्या संघटनेने, नकाशा नाकारला तर लेखी कारणं द्यावी लागतात आणि तुम्हाला बोर्डापुढे सुनावणी मागता येते, पण डेव्हलपरच्या ताब्यात कमिटी असेपर्यंत हे कलम लागू होत नाही. आणि कस्टम सबडिव्हिजनमध्ये तीसच प्लॉट असतील तर तसंही लागू नाही. सोलरचंही तसंच, एचओए एरवी छतावरचं सोलर सरसकट बंद करू शकत नाही, पण ५१ पेक्षा कमी घरांच्या डेव्हलपमेंटमध्ये डेव्हलपमेंटचा काळ संपेपर्यंत डेव्हलपर मनाई करू शकतो. म्हणजे छोटी, निवांत, मोजक्या घरांची सबडिव्हिजन जी आपल्याला आवडते, तिथेच संरक्षण कमी. सोलर हवं असेल तर प्लॉटच्या करारात लिहून घ्या. बांधकाम किती महिन्यांत सुरू करायचं, बिल्डर त्यांच्याच यादीतला हवा का, वेळेत नाही बांधलं तर प्लॉट परत घेणार का, हेही तिथेच असतं.

आपल्या घरांना ज्या गोष्टी लागतात त्या आधी विचारा. पूर्वाभिमुख घर हवं असेल तर कॉन्सेप्ट प्लॅनवर उत्तरेचा बाण बघून असे प्लॉट मोजा, रस्ते पूर्व-पश्चिम जात असतील तर पूर्वेला तोंड असलेले प्लॉट कोपऱ्यावर दोन-चारच निघतात. मागे वेगळं फोडणीचं किचन काढायचं असेल, किंवा सासू-सासरे सहा-सहा महिने येऊन राहतात म्हणून त्यांच्यासाठी ओटा-गॅससकट वेगळी खोली, तर शहराच्या नियमात दुसरं पूर्ण किचन म्हणजे दुसरं घर असं धरतात का ते प्लॅनरला विचारा, बऱ्याच ठिकाणी गेस्ट क्वार्टर्स म्हणून चालतं पण वेगळा मीटर नको आणि भाड्याने द्यायचं नाही अशी अट असते. पीडीचा ड्राफ्ट अजून चालू असेल तर हे त्यातच घालून घेता येतं, आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने घालून घेतलंय.

आणि तुळस. २०११ चा टेक्सासचा कायदा दाराच्या चौकटीवरच्या धार्मिक गोष्टींना संरक्षण द्यायचा, पण सगळं मिळून २५ चौरस इंचांपर्यंतच, म्हणजे पाच बाय पाच, आपलं साधं तोरणसुद्धा त्यात बसत नाही. २०२१ मध्ये तो बदलला, आता तुमच्या स्वतःच्या जागेत श्रद्धेपोटी मांडलेल्या गोष्टींना एचओए मनाई करू शकत नाही, मात्र सुरक्षिततेला धोका नको, सामाईक जागेत नको, आणि सोडायच्या जागेत किंवा इझमेंटमध्ये नको. या शेवटच्या अटीतच आपलं वृंदावन अडकतं, कारण दारासमोर, पूर्वेला, म्हणजे नेमकं पुढच्या सेटबॅकमध्ये, त्या सोडायच्या जागेत, आपण ते ठेवतो. आम्ही आर्किटेक्टला सांगून वृंदावन साइट प्लॅनवरच काढून घेतलं, सेटबॅकच्या रेषेपासून घराच्या बाजूला दोन फूट, मापासकट, आणि ड्रेनेजच्या नालीपासून लांब. नकाशा मंजूर झाला तेव्हा तेही त्यातच मंजूर होऊन आलं. कुंडी मात्र सुटी ठेवलीय, नोव्हेंबर संपत आला की उचलून आत आणावी लागते, इकडच्या थंडीत तुळस टिकत नाही.